कापूर हुंगून विरळ हवेचा त्रास टळत नाही

लेह-लडाखच्या सहलींचा मोसम आला की ग्रुपवर तोच निरोप फिरतो: ‘रुमालात कापूर बांधून हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो.’ वाढत नाही. कापराने नाकाला थंडावा जाणवतो, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन आहे तेवढाच राहतो. (लहान मुलांच्या हाती ती पुडी देऊच नका. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.)

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर पहिले काही तास माणूस ठणठणीत असतो आणि तिथेच फसतो. डोकं बहुधा संध्याकाळी किंवा रात्री धरतं. सोबत मळमळ, चक्कर, जेवण नकोसं होणं असेल तर ‘पित्त झालं’ म्हणून सोडून देऊ नका. आणखी वर जाणं थांबवा.

शंका आली तर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायला लावा. तोल जातोय, बोलणं असंबद्ध आहे किंवा बसल्या जागी धाप लागते, तर लेहमध्ये थेट रुग्णालय. त्याहून वर असाल तर सकाळची वाट न पाहता खाली.

प्रतिबंधाला औषध आहे ते अ‍ॅसिटाझोलामाइड: प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

खारदुंग ला या उंच खिंडीची धास्ती सगळ्यांना असते, पण तिथे कोणी झोपत नाही. बघायची ती रात्रीच्या मुक्कामाची उंची. पँगाँग सरोवराकाठचा मुक्काम सुमारे ४,३०० मीटरवर असतो. तो लेहला पोहोचल्यावर दुसऱ्याच रात्री ठेवू नका.