फुटाला एक गाइड? आधी रील कुठलं ते बघा

पुण्यातल्या गळाच्या हौशी मंडळींमध्ये व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. किनाऱ्यावरून फेकायचा रॉड घरी कसा बांधायचा, याचे त्यात पाच नियम आहेत. दर फुटाला एक गाइड (लाइन, म्हणजे गळाची दोरी, ओवायची फ्रेममधली कडी) लावा. पहिली कडी मिळेल तेवढी मोठी घ्या, फेक तेवढी लांब जाते. फ्रेम टायटॅनियमचीच हवी. स्पाइन (रॉडची जास्त ताठ बाजू) शोधल्याशिवाय गाइड बांधायचा दोरा गुंडाळू नका, नाहीतर रॉड पिळून मोडतो. आणि पावसाळ्यात दोऱ्यावर चढवायच्या इपॉक्सीत हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा भाग) थोडा जास्त घाला, लवकर सुकतं. लिहिणाऱ्याने कळकळीने लिहिलंय, शंका नाही. पण हे वाचून सामान मागवणाऱ्यांचे पैसे खरे आहेत, म्हणून हा प्रतिवाद.

‘फुटाला एक’ हा ठोकताळा शोभतो तो मल्टिप्लायर रीलच्या (रॉडवर बसणाऱ्या, आडव्या फिरकीच्या) रॉडला, विशेषतः बोटीवरच्या. तिथे रील आणि गाइड दोन्ही रॉडच्या वरच्या अंगाला असतात. मासा ओढू लागला आणि रॉड वाकला की लाइन ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या नुसत्या काठीवर, टेकू नये, म्हणून गाइड जवळजवळ लावावे लागतात. आपण ताम्हिणी उतरून दिवेआगरला नेतो तो बहुधा 12-13 फुटी, दोन तुकड्यांचा रॉड, खाली लटकणारं स्पिनिंग रील लावलेला. गाइड खाली, लाइनही खाली. वाकलेल्या रॉडमध्ये ती ब्लँकपासून लांबच जाते, टेकायचा प्रश्नच नाही.

मग 13 फुटांना 13 आणि टोकाचं एक असे 14 गाइड चढवून काय मिळतं? वजन. प्रत्येक गाइडबरोबर दोरा येतो, इपॉक्सी येतं, आणि शेंड्याकडच्या चिमुकल्या गाइडांवर तर कधीकधी गाइडपेक्षा इपॉक्सीच जड भरतं. रॉड झपकन फिरवताना हे वजन हातापासूनच्या अंतराच्या वर्गाने भोवतं. हातापासून 3 मीटरवरचा एक ग्रॅम हा 1 मीटरवरच्या नऊ ग्रॅमांच्या बरोबरीचा. शेंडा मग फेकीनंतर सरळ व्हायला वेळ लावतो, थरथरत राहतो, आणि सुटणारी लाइन त्या थरथरीत गाइडांवर आपटत जाते. महागडा कार्बन ब्लँक घेऊन त्याला असं सुस्त करायचं असेल तर स्वस्तातला तयार रॉड काय वाईट?

मजकुरात एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. गाइड फार कमी पडले तर एकेका गाइडपाशी लाइन तीव्र कोनात मोडते आणि ताण ठरावीक जागी साठतो. पण आकडा फुटपट्टीने निघत नाही, ब्लँकच्या वाकण्यातून निघतो. गाइड चिकटपट्टीने तात्पुरते लावा, लाइन ओवा, टोक जिन्याच्या कठड्याला बांधा आणि रॉड मासा लागल्यासारखा वाकवा. जिथे लाइन जास्त मोडते तिथे गाइड थोडा शेंड्याकडे किंवा मुठीकडे सरकवा. सगळे कोन साधारण सारखे दिसेपर्यंत हे चालू ठेवा. 13 फुटी रॉडला बहुतेक वेळा 6-7 गाइड आणि टोकाचं एक, एवढ्यात भागतं. शेंडा मऊ असेल तर एखादं वाढेल.

आता मोठ्या कडीकडे येऊ, कारण खरी गंमत इथे आहे. स्पिनिंग रीलवरून लाइन वेटोळी घेत सुटते. ती वेटोळी आवरून लाइन सरळ करणं हे पहिल्या दोन-तीन गाइडांचं काम. जाड, ताठ मोनोफिलामेंट (एकाच तंतूची नायलॉन लाइन) वापरायचं तेव्हा वेटोळी आवरता आवरत नसत, म्हणून 40-50 मिलिमीटरच्या कड्या. ब्रेड, म्हणजे तंतू विणून केलेली लाइन, बारीक आणि लुळी असते, ती लवकर वठणीवर येते. तिच्यासाठी कडीच्या व्यासाइतकीच फ्रेमची उंचीही महत्त्वाची. कडी उंच हवी, म्हणजे वेटोळी ब्लँकवर फटके मारत नाहीत. बुटकी पण रुंद कडी घेतली तर जड गाइडही मिळतो आणि फटकेही.

जपानच्या फुजी कंपनीने मांडलेला विचार इथे कामाला येतो: स्पूलच्या (रीलमधल्या लाइन गुंडाळलेल्या फिरकीच्या) दांड्याची रेषा पुढे वाढवा, ती ब्लँकला जिथे छेदते तिथपर्यंत लाइन आवरून झालेली हवी, तिथून पुढे लहान, हलके गाइड. म्हणजे पहिलं गाइड ठरवायला रील हातात पाहिजे. रील न बघता ‘40 नंबर घ्या’ सांगणारा माप न घेता सदरा शिवतोय. याच कंपनीच्या के फ्रेमचे पाय पुढे कललेले असतात, फ्रेमवर अडकलेला ब्रेडचा फास त्यावरून घसरून सुटतो. वाऱ्यात फेकताना हा फरक मोठ्या कडीपेक्षा जास्त जाणवतो.

लहान किती लहान, याचं उत्तर लीडर देतो, म्हणजे फेकीचा झटका सोसायला ब्रेडच्या पुढे बांधलेला जाड लाइनचा तुकडा. शिशाच्या दर औंसाला 10 पाउंड ताकद असा शॉक लीडरचा जुना हिशोब आहे. 120 ग्रॅमचं शिसं म्हणजे चार औंसांहून थोडं जास्त, तेव्हा 50 पाउंडाचा लीडर धरा. त्याची आणि ब्रेडची गाठ, तुम्हाला बांधता येते तीच, शेंड्याच्या कडीतून हाताने ओढून बघा. अडली तर एक नंबर वाढवा. पावसाळ्याच्या सुमारास कोकणात लाइनला शेवाळ आणि कचरा लागतो, तो याच गाठीपाशी गोळा होतो. तेवढी सूट ठेवा.

टायटॅनियम गंजत नाही आणि हलकं असतं, हे खरं. पण लाइन घासते ती कडीवर, फ्रेमवर नाही. बजेट तोकडं असेल तर सिलिकॉन कार्बाइडच्या कड्या आणि चांगल्या स्टेनलेस स्टीलची फ्रेम घ्या, टायटॅनियम शेंड्याकडच्या तीन-चार गाइडांपुरतं ठेवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. कडीतून कापूस फिरवा. तंतू अडकले तर कडीला चीर आहे, ब्रेड तुटणार.

स्पाइनवर फार शाई नको. गाइड वरच्या बाजूला असले की ताणाखाली रॉड उलटा व्हायला बघतो, खाली असले की स्थिर राहतो. स्पाइन शोधून हे बदलत नाही. ब्लँक किंचित वाकडा असेल तर बाक आडवा नको, उभ्या रेषेत ठेवा.

हार्डनरचा सल्ला सगळ्यात घातक. तो बहुधा फायबरग्लासच्या कामातून आला असावा. तिथल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये उत्प्रेरक वाढवला की ते खरंच लवकर घट्ट होतं. इपॉक्सीत हार्डनर उत्प्रेरक नसतो, रेझिनशी जोडला जाणारा अर्धा जोडीदार असतो. जास्तीचा भाग एकटाच उरतो आणि गाइडांवरचा थर चिकट नाहीतर ठिसूळ राहतो. बाटलीवर सारखं प्रमाण लिहिलं असेल तर दोन वेगळ्या सिरिंजनी सारखंच मोजा. जुलैत पुण्याची हवा ओली असते, थरावर दुधट, तेलकट साय धरते. कोरडा दिवस बघा किंवा खोली उबदार ठेवा. थर ओघळू नये म्हणून रॉड सावकाश फिरत राहायला हवा. मिनिटाला दहा-बारा फेरे देणारी छोटी मोटर तापकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, शोधा.

आणि रॉड एकदा बांधला की झाला, असंही नाही. गाइड बदलावे लागतातच. इपॉक्सी उबेने मऊ करा आणि पातं गाइडच्या पायाच्या धातूवर ठेवूनच दोरा कापा, ब्लँकच्या बाजूने कधीच नाही. कार्बनवर उठलेला ओरखडा पुढच्या जोरदार फेकीत रॉड तिथेच मोडू शकतो.