एका लशीवर आयुष्य निघत नाही

‘पिल्लाला एकदा लस टोचली की ती जन्मभर पुरते, बूस्टर हा पशुवैद्यकांचा निव्वळ धंदा आहे, घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला लस लागतच नाही आणि लहान चणीच्या कुत्र्याला अर्धाच डोस द्यावा,’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो वाचून माझ्या बहिणीने 9 आठवड्यांच्या पिल्लाचा पुढचा डोस परस्पर रद्द केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातले सर्वांत घातक वाक्य पहिलेच आहे. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाला रोगापासून वाचवतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात, आणि ती कधी ओसरतील हे एकाच वेतातल्या भावंडांतही सारखे नसते. म्हणूनच वर्ल्ड स्मॉल अॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशनच्या 2024च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की 6 ते 8 आठवड्यांपासून दर 2 ते 4 आठवड्यांनी लस द्यावी, वयाचे 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबू नये आणि 26 आठवड्यांच्या सुमारास आणखी एक डोस द्यावा. नवव्या आठवड्यात टोचलेली लस वाया गेलेली असू शकते. लसीकरणाच्या पुस्तिकेत स्टिकर चिकटलेले असते, पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूपुढे पिल्लू मात्र उघडेच असते.

धंद्याच्या आरोपात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. डिस्टेंपर, पार्व्हो आणि अॅडिनोव्हायरस या कुत्र्यांच्या तीन विषाणूंवरचा बूस्टर प्रौढ कुत्र्याला 3 वर्षांच्या आत देऊ नये, असे याच सूचना म्हणतात. तो कोणी दरवर्षी देत असेल, तर कारण अवश्य विचारावे. पण लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाची लस वर्षभरच भरवशाची असते आणि रेबीजचे अंतर त्या लशीच्या परवान्यावर व स्थानिक कायद्यावर ठरते. लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ हमखास मारणाऱ्या रेबीजला या हिशेबात ओढणे हा शुद्ध आततायीपणा आहे. प्रतिपिंडे मोजणारी टायटर चाचणी वरच्या तीन विषाणूंपुरती उपयोगी पडते. लेप्टोसाठी तिचा आधार घेता येत नाही.

मांजर घराबाहेर जात नसले तरी माणसे जातात, आणि पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू त्यांच्या चपलांना चिकटून घरात येतो. अर्ध्या डोसविषयी एवढेच, की लस हे वजनावर मोजून देण्याचे औषध नव्हे.

बहिणीच्या पिल्लाला आता 11 आठवडे होत आले आहेत. रद्द केलेला डोस उद्या सकाळी आहे.