वीस इंची रिम, विंटर टायर आणि आपली थंडी

कापूस वेचणीला आला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो आमच्या तालुक्यातील जिनिंगमालक, कंत्राटदार आणि डॉक्टर मंडळींपर्यंत, म्हणजे ज्यांच्या दारात महागडी एसयूव्ही उभी आहे अशा बहुतेकांपर्यंत पोहोचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: युरोपात विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत, म्हणून विदर्भाच्या थंडीतही ते बसवावेत, रिम जितकी मोठी तितकी गाडी सुरक्षित, म्हणून अठराऐवजी वीस इंची घ्यावी, नायट्रोजन भरल्यावर दाब तपासण्याची गरज उरत नाही, आणि खर्च वाचवायचा असल्यास पुढचे दोनच टायर बदलावेत.

पहिल्या मुद्द्यात नावानेच घोटाळा केला आहे. विंटर टायर हा केवळ थंडीच्या महिन्यांत वापरण्याचा टायर नसून तो बर्फासाठी आणि गोठणबिंदूच्या आसपासच्या रस्त्यांसाठी घडवलेला टायर आहे. सर्वसाधारणपणे तापमान 7 अंशांच्या खाली गेले की नेहमीच्या उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊ लागते. विंटर टायरचे रबर तेव्हाही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतील बारीक चिरा बर्फ पकडतात. ज्या जर्मनीचा दाखला दिला जातो, तेथील नियमही तारखेला बांधलेला नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेले दव असेल तेव्हाच तो लागू होतो. आपल्याकडे डिसेंबर 2018 च्या अखेरीस नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली होती हे खरे, परंतु तो पहाटेचा आकडा होता. एरवी डिसेंबरात दुपारचा पारा 28 अंशांच्या आसपास असतो. अशा डांबरावर मऊ रबर भराभर झिजते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते, म्हणजे सुरक्षिततेसाठी मोजलेल्या पैशांतून नेमके उलटेच पदरी पडते. बरे, होळीनंतर हे टायर उतरवून ठेवणारा मालक मी तरी आमच्या भागात पाहिलेला नाही. तेच टायर चंद्रपूरच्या 47 अंशांच्या मे महिन्यात धावणार.

दुसरा दावा अधिक नुकसानकारक आहे, कारण तो ऐकायला पटतो आणि गाडीही रुबाबदार दिसते. टायरवर 255/55 आर 18 असे लिहिलेले असेल, तर रुंदी 255 मिलिमीटर, तिच्या 55 टक्के म्हणजे सुमारे 140 मिलिमीटर साइडवॉलची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या टायरच्या बाजूची, उंची, आणि रिम 18 इंचांची. त्याऐवजी 255/45 आर 20 बसवला, तर चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच, सुमारे 738 मिलिमीटर राहतो. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि विक्रेता तेवढेच सांगून मोकळा होतो. पण साइडवॉल 140 वरून 115 मिलिमीटरवर येते. खड्ड्याचा दणका सोसणारी हवेची गादी तिथेच असते आणि तिचाच एक इंच आपण लोखंडाला, खरे तर अ‍ॅल्युमिनियमला, देऊन टाकलेला असतो.

महामार्ग सोडून गावाकडे वळले की हा एक इंच किती मोलाचा आहे ते कळते. काळ्या मातीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्याच्या कडा तुटतात आणि समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला की आपल्यालाच त्या कडेवरून खाली उतरावे लागते. कमी उंचीची साइडवॉल अशा वेळी डांबराची कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाऊन आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. पांदण रस्त्याने शेतात गाडी नेणाऱ्याला पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटे वेगळी सांगायला नकोत. साइडवॉलमध्ये धसकट घुसले तर तालुक्याचा पंक्चरवाला काही करू शकत नाही. माझ्या चुलतभावाच्या वीस इंची टायरला मागच्या पावसाळ्यात असाच फुगा आला, तेव्हा त्या मापाचा टायर नागपुरातही लगेच मिळाला नाही आणि गाडी सहा दिवस बारीक स्टेपनीवर अंगणात उभी राहिली. त्याच मापाच्या रिमचे तो अजूनही कौतुक करतो, ही गोष्ट वेगळी.

भारक्षमतेकडे तर संदेशाने पाहिलेलेच नाही. टायरवर मापानंतर लिहिलेला 109 हा आकडा एका टायरमागे 1030 किलो दर्शवतो, तर 105 म्हणजे 925 किलो. वरच्या अठरा इंची मापात 109 सहज मिळतो, वीस इंचीत बहुधा 105. म्हणून गाडीच्या दाराच्या खांबावरील पत्रकात जी मापे आणि जो दाब दिलेला असतो, त्याबाहेर जाऊ नये आणि त्यांतील सर्वांत लहान रिम निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक गाड्यांच्या खालच्या व्हेरिअंटला ती कंपनीनेच दिलेली असते.

समृद्धी महामार्गावर मोठी रिम स्थिर वाटते, या युक्तिवादात थोडे तथ्य आहे. ठेंगणी साइडवॉल वळणावर कमी लवते. मात्र काँक्रीटच्या त्या सरळ रस्त्यावर ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेत घात करते ती कमी हवा. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, तापतो आणि शेवटी फुटतो.

इथेच नायट्रोजनचा दावा कोसळतो. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाने दाब बदलण्याचा नियम दोघांना सारखाच लागू होतो. ऑक्टोबरच्या 35 अंशांच्या उन्हात 35 पीएसआय भरलेला टायर डिसेंबरातील 10 अंशांच्या पहाटे सुमारे 31 वर येतो. थंडीत करायचे खरे काम हेच आहे: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चालवण्यापूर्वी दाब मोजावा. त्यासोबत नक्षीची खोलीही पाहावी. कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर असली, तरी दवाने ओल्या रस्त्यासाठी ती अपुरी आहे.

दोनच टायर बदलण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. चारही चाकांना सतत शक्ती पुरवणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासात फरक पडला, तर त्याचा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. आणि पकड फक्त पुढे वाढवली, तर मागची बाजू घसरते.

हिवाळ्यात कुटुंबासह मनालीपलीकडे बर्फात जाणाऱ्यांना मात्र विंटर टायरचा उपयोग आहे, एवढे मान्य करावे लागेल. तरीही दहा दिवसांच्या त्या सहलीसाठी विदर्भातून निघून शेकडो किलोमीटर उबदार डांबरावर ते झिजवत नेण्यापेक्षा चाकांना लावायच्या साखळ्या डिक्कीत ठेवलेल्या बऱ्या. त्या घेण्यापूर्वी गाडीचे माहितीपुस्तक उघडावे, कारण मोठ्या रिमच्या चाकांना साखळी लावण्याइतकी जागा नसल्याने अनेक कंपन्या ती फक्त लहान मापावरच लावण्याची परवानगी देतात.