मामीच्या कमोडला हात लावू नका

‘कमोड हटवा, गुडघे वाचवा’ हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या मामीपर्यंत पोचला. मामीचा उजवा गुडघा बदललेला, डावा त्याच वाटेवर. तिने मामेभावाला फर्मान सोडलं, कमोड काढ आणि पूर्वीसारखं उकिडवं बसायचं भांडं बसव. एरवी असल्या मजकुराला उत्तर द्यायची मला हौस नाही, पण इथे मामीच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे.

पहिला दावा: थॉमस क्रॅपर या इंग्रजाने कमोड शोधला आणि आपल्याला दुबळं करायला इकडे आणला. क्रॅपर जन्मला 1836 साली. फ्लशच्या संडासाचं पेटंट अलेक्झांडर कमिंगने 1775 मध्येच घेतलं होतं. आणि बसून जाणं ही काही इंग्रजांची मक्तेदारी नाही. इजिप्तमधल्या अमार्नाला इ.स.पू. 14व्या शतकातलं दगडी आसन सापडलंय, रोमजवळच्या ओस्तियात तर लोक भोकांच्या बाकावर शेजारीशेजारी बसायचे. कारस्थान फारच जुनं निघालं म्हणायचं.

‘उकिडवं बसणाऱ्या आफ्रिकेत आतड्याचे रोग नाहीत.’ युगांडात काम केलेल्या डेनिस बर्किट या सर्जनने तिथे हे रोग कमी असल्याचं खरंच मांडलं होतं. पण त्याचा मुख्य भर होता तिथल्या लोकांच्या जेवणातल्या चोथ्यावर. फॉरवर्डवाल्यांनी चोथा गाळला आणि भांडं ठेवलं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. उकिडवं बसल्यावर पोट लवकर साफ होतं. 2003 साली डॉ. सिकिरोव यांनी 28 निरोगी माणसांवर वेळ मोजला: उकिडवं बसून सरासरी 51 सेकंद, नेहमीच्या उंचीच्या कमोडवर 130. कुंथावंही कमी लागलं. अभ्यास छोटा आहे, पण गुदाशयाचा कोन सरळ होतो हे इतरांनाही दिसलंय. म्हणजे ज्याचे गुडघे धड आहेत त्याने खुशाल भांडं वापरावं.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘उकिडवं बसणाऱ्याचे गुडघे कधीच झिजत नाहीत, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी आजच कमोड सोडावा.’ बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत नेमकं उलट दिसलं. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त होती. संडासातली पाच मिनिटं म्हणजे ते तास नव्हेत, हे कबूल. पण ‘कधीच नाहीत’ हे साफ खोटं. आणि झिजलेला गुडघा उकिडवं बसून भरून येत नाही. बदललेल्या गुडघ्याने तसं बसू नये असंच डॉक्टर सहसा सांगतात. ओल्या फरशीवर, पहाटे, आतून कडी लावून सत्तरीची बाई खाली बसली आणि उठता आलं नाही, तर फॉरवर्ड पाठवणारा दार फोडायला येणार आहे का? याहून वाईट म्हणजे बसायच्या धास्तीने बायका पाणी पिणंच कमी करतात. मग बद्धकोष्ठ, मग मूळव्याध, आणि खापर पुन्हा कमोडवर! मामेभावाला म्हटलं, काढायचं काही नाही, शेजारच्या भिंतीला धरायला दांडा बसव.

कमोडच्या आसनावरच्या जंतूंचा मुद्दा घासून पुसून संपतो, त्यावर शब्द घालवत नाही.

शेवटी नेहमीची फोडणी: ‘जग पुन्हा भारतीय पद्धतीकडे वळतंय.’ जपान पिढ्यान्‌पिढ्या उकिडवं बसणारा देश. तिथे 1980 मध्ये टोटो कंपनीचं पाण्याने धुणारं कमोडचं आसन आलं आणि आज घरोघरी तेच दिसतं. पाश्चात्त्य देशांत खपतंय ते पाय टेकवायचं बुटकं स्टूल, आणि ते ठेवायचं असतं कमोडच्याच पुढे.