ऐरावत, तट्टाणी आणि एक उधारी

सर, नमस्कार. चंबळेतला गांगेय डॉल्फिन आणि मार्केंशिया हे लिव्हरवर्ट (ओल्या जागी जमिनीलगत पसरणारी, शेवाळासारखी इवली वनस्पती) मी एकाच लेखात आणले, त्यावर आपण लिहिलंत, "कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! तुलना सारख्यांची करतात. शिवाय हा डॉल्फिन ठार आंधळा नसतो. आणि ग्वाल्हेरात बसून मसूरीची वनस्पती कशाला?"

आधी चूक कबूल करतो. 'आंधळा' हा शब्द मी सैलपणे वापरला. त्याच्या डोळ्यात भिंगच नाही, म्हणून चित्र उमटत नाही. पण उजेड-अंधार कळतो. मासे शोधतो ते आवाज सोडून, प्रतिध्वनीवरून. लेखात दुरुस्ती केली आहे.

तुलनेचं मात्र मान्य नाही. गाय आणि म्हशीची तुलना आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला दूधवालाही रोज सकाळी करतो. हे दोघे सारखे आहेत असं मी म्हटलंच नव्हतं. त्यांची वाट उलटी आहे, हे सांगायचं होतं. डॉल्फिनचे पूर्वज चार पायांचे, जमिनीवरचे. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी ते पाण्याकडे वळले. आज देवमाशांचं कूळ सोडलं तर त्यांचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा. लिव्हरवर्टचं कूळ पाण्यातल्या हिरव्या शैवालांचं, ते जमिनीवर आलं. आणि सोडलेल्या घराची उधारी दोघांकडे अजून बाकी आहे.

भिंडजवळ चंबळेवर बरहीच्या घाटावर तासभर उभे राहा. डॉल्फिनची पाठ दिसते न दिसते तोच गडप. तो काही आपल्याला दर्शन द्यायला येत नाही, मिनिट-दोन मिनिटांनी हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. तिकडचे लोक त्याला सूंस म्हणतात. मला तर ते नाव त्या श्वासासारखंच ऐकू येतं.

मार्केंशियाचं उलटं. नर वेगळा, मादी वेगळी, दोघांच्या डोक्यावर इवल्या छत्र्या. नराच्या छत्रीवर पावसाचा थेंब आदळतो, शुक्रपेशी उडतात आणि दोन शेपट्या हलवत पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीकडे जातात. पाऊस नाही तर लग्न नाही! (लग्नाविना वंश चालवायची सोयही तिने ठेवली आहे, पानासारख्या अंगावरच्या वाट्यांत हिरव्या टिकल्या. त्याही थेंबानेच उडतात.)

आता आपल्याच दुरुस्तीने सुचलेलं, मूळ लेखात नसलेलं. ही टिकली पडते तेव्हा तिला वर-खाली काही नसतं, दोन्ही बाजू सारख्या. जिच्यावर उजेड पडेल ती वरची होते, दुसरीतून मुळांसारखे धागे फुटतात. भिंग तिच्याकडेही नाही, सर.

राहिली मसूरी. बी.एस्सी.ला आम्हाला फॉर्मॅलिनच्या बरणीतला मसूरीचाच नमुना दाखवला होता, तेव्हापासून मार्केंशिया डोक्यात आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या मातीवर रिक्सिया उगवतं, तेही लिव्हरवर्टच, पण बिचाऱ्याला छत्री नाही. श्रावणात मिळालं तर फोटो टाकीन.