नुसत्या बाइंडरवर भागत नाही

डुकरांच्या खाद्यातल्या बुरशीच्या विषावर तुमच्या लेखात एकच उपाय दिलाय : खाद्यात टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवणारा पदार्थ, मिसळा. सल्ला अर्धवट आहे. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष चांगलं धरून ठेवते, पण फ्युजेरियम बुरशीच्या डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) या विषापुढे तिचं फारसं चालत नाही. आणि डुक्कर तर डॉनला फारच हळवं. खाद्यात ते किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की खाणं कमी होतं. प्रमाण बरंच वाढलं तर ओकाऱ्या होतात, गव्हाणीला तोंडही लावत नाहीत. मालक बिचारा जंताचं औषध पाजत बसतो.

झिअरालेनोन या फ्युजेरियमच्याच दुसऱ्या विषाचा तर उल्लेखही नाही! ते शरीरात इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखं काम करतं. माजावर यायचं वयही झालं नाही अशा मादी पिल्लांची योनी लाल होऊन सुजलेली दिसली, तर आधी मका तपासायला पाठवा. नमुना एकाच पोत्यातून नको, बऱ्याच पोत्यांतून थोडा थोडा काढून एकत्र करा. विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं.

परतीच्या पावसात भिजलेला मका स्वस्तात मिळतो म्हणून घेतात आणि उन्हात वाळवला की झालं असं समजतात. वाळवल्याने बुरशी थांबते, आधी तयार झालेलं विष तसंच राहतं. शिजवूनही ते पुरतं जात नाही. ओलावा १४ टक्क्यांच्या आत असलेलाच मका साठवावा.

पुढच्या भागात फ्युमोनिसिन या मक्यावरच्या बुरशीच्या आणखी एका विषावरही लिहा. १९८९ च्या मक्यातून अमेरिकेत याच विषाने डुकरांच्या फुफ्फुसांत पाणी भरलं होतं.