शिक्षकांना पेटी शिकवायचीय? मग पेटी आणूच नका

तर वरून पत्र आलंय आणि ते तुमच्या गळ्यात पडलंय. प्राथमिक शिक्षकांना वर्गात वाद्य वाजवता आणि शिकवता यावं म्हणून तालुकास्तरीय प्रशिक्षण, आणि त्याची सगळी जबाबदारी तुमच्यावर, कारण काय तर मागे कुणाच्या तरी निरोप समारंभात तुम्ही माईक हातात घेऊन एक गाणं म्हटलं होतं आणि ते साहेबांच्या लक्षात राहिलं. घाबरू नका. असली प्रशिक्षणं मी स्टेजवरच्या खुर्चीतूनही पाहिलीत आणि खालच्या सतरंजीवरूनही पाहिलीत, त्यामुळे फुकटचा सल्ला द्यायचा मला पूर्ण हक्क आहे. तो जसाच्या तसा पाळलात तर प्रशिक्षण यशस्वी होईल, अहवाल जाईल, निधी खर्ची पडेल आणि तालुक्यात एकाही शाळेतून पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, आवाज येणार नाही.

आधी तारीख. ती मार्चमध्येच पाहिजे. जून-जुलैत घेतलं तर शिक्षकाला वर्षभर सराव करायची भीती असते, तो धोका कशाला घ्यायचा. मार्चमध्ये कसं, ३१ तारखेच्या आत पैसे संपवायचे असतात, परीक्षा तोंडावर असतात, ऑनलाईन माहिती भरायची लिंक रात्री अकराला येते आणि सकाळी अकराला बंद होते, अशा वातावरणात माणूस कसा सुरात येतो ते बघाच एकदा.

मग संख्या. ऐंशी शिक्षक बोलवा, एका दिवसात. पेटी मात्र एकच ठेवा. हिशोब करून देतो, जेवण-चहा सोडून पाच तास धरले तर तीनशे मिनिटं, भागिले ऐंशी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार मिनिटं पेटी. आता ह्यातून दीपप्रज्वलन काढा, स्वागतगीत काढा (ते मोबाईलवर लावायचं, पेटी शेजारी असली तरी), पाहुण्यांचा परिचय काढा, पाहुण्यांचं 'मला संगीतातलं काही कळत नाही पण' असं सुरू होणारं चाळीस मिनिटांचं भाषण काढा, दोन वेळची हजेरी काढा आणि शेवटचा फीडबॅक फॉर्म काढा. उरतं दीड मिनिट. त्यात मांडी घालायला आणि भात्याची कडी कुठंय ते शोधायला एक मिनिट जातं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात त्या शिक्षकाचा पेटीवर हात ठेवलेला फोटो काढून घ्या, कारण अहवालाला तोच लागतो.

तज्ज्ञ मार्गदर्शक निवडताना फार काळजी घ्या. वाजवणारा पाहिजे, शिकवणारा नको. उत्तम वाजवणारा माणूस स्टेजवर बसवला की तो तासभर यमन राग वाजवतो, द्रुत लय आली की टाळ्या पडतात, सगळ्यांना मनापासून वाटतं की आपण काहीतरी मोठं ऐकलं आणि हे आपल्याच्याने ह्या जन्मात होणं नाही. ह्या दोन्ही भावना खऱ्या असतात आणि प्रशिक्षणाचा हेतू इथेच साध्य होतो.

एक सावधगिरीची सूचना. त्या ऐंशी जणांत चार-पाच जण असे निघतातच की जे गावच्या सप्ताहात रात्र-रात्र पेटी धरतात, भजनी मंडळाला साथ करतात, काकड्याला पहाटे चारला उठून वाजवतात आणि बाराखडी शिकवावी तितक्या सहज एखाद्याला सारेगम शिकवू शकतात. त्यांना ओळखून ठेवा आणि लगेच जेवणाच्या कूपनांवर नेमा. त्यांच्याकडे संगीत परीक्षेचं सर्टिफिकेट नसतं. ना प्रारंभिक, ना प्रवेशिका, विशारद तर फारच लांब. नुसतं वाजवता येतं एवढ्या भांडवलावर माणसाला तज्ज्ञ म्हणून उभं केलं तर उद्या मानधनाच्या बिलाला ऑडिटमध्ये काय उत्तर देणार?

आता पीपीटी. प्रशिक्षणाचा आत्मा तोच. पहिल्या स्लाईडवर सरस्वती, दुसऱ्यावर नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, आणि तिसऱ्यापासून भरतमुनी. नाट्यशास्त्रातले वाद्यांचे चार प्रकार, तत (तारेची), सुषिर (हवेची), अवनद्ध (चामडं मढवलेली) आणि घन (एकमेकांवर आपटून वाजणारी), हे दोनदा वाचून घ्या आणि एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्या. मग पेटी मुळात फ्रान्सची, आपल्याकडे कलकत्त्यात तिचं मांडी घालून वाजवायचं रूप झालं, हा इतिहास. मग आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, कारण काय तर हिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (दोन सुरांमधले बारीक सूर) निघत नाहीत. हे सांगताना सभागृहात हळहळ व्यक्त होते. आकाशवाणीला निदान हुकूम काढावा लागला होता, आपल्या शाळांनी हेच काम कुठलाही जीआर न निघता करून दाखवलंय, पण हे स्लाईडवर टाकू नका.

शेवटी वीस मार्कांची उत्तरचाचणी. पेटी कोणत्या प्रकारचं वाद्य आहे? सुषिर. तबला? अवनद्ध. टाळ? घन. पोस्ट टेस्टला वीसपैकी वीस पडतात, प्री टेस्टच्या तुलनेत भरघोस प्रगती दिसते, तिचा रंगीत बार चार्ट पण होतो. वीसपैकी वीसवाल्या एखाद्या मॅडमना चहाच्या वेळी हळूच विचारा की ह्या पेटीवर सा कुठं धरायचा, त्या म्हणतील, "सर, तो भाग उद्या होता ना?" उद्या नसतो. प्रशिक्षण एकदिवसीय आहे.

तबल्याचं तर त्याहून सोपं, तबला आणायचीच गरज नाही. पावसाळी हवेत तो उतरतो, मग हातोडी शोधा, बाजूचे लाकडी गठ्ठे ठोका, कोण करणार. त्यापेक्षा बाकावर वाजवायला लावा. आणि सुरुवात तीनतालापासूनच करा, सोळा मात्रा, टाळी, खाली, विभाग, सगळं वहीत उतरवून घ्या. शाळेतली निम्म्याहून जास्त गाणी केहरवा नाहीतर दादरा ह्या छोट्या तालांत बसतात, धा गे ना ती न क धी न एवढं जरी एखाद्याच्या हाताला लागलं तरी तो वर्षभर पोरांना नाचवेल, हे खरंय. म्हणूनच ते सांगू नका. आठ मात्रांत काम भागतंय म्हटल्यावर सोळाला कोण विचारणार आणि तज्ज्ञांना आपण बोलावलं तरी कशाला असं होईल.

मधेच कुणीतरी जुना, चिकट शिक्षक उठून विचारणार, "साहेब, त्यापेक्षा असं केलं तर? दर महिन्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला तासभर पेटी ठेवू, दहा-दहाच्या गटात, दोघांत एक पेटी, गावातल्या भजनी मंडळांकडून दिवसापुरत्या मागून आणू, पहिले सहा महिने फक्त प्रार्थना आणि पाठ्यपुस्तकातल्या दोन कविता बसवू." हा मनुष्य धोकादायक आहे. त्याचं म्हणणं असं की हाताचं काम हातानेच येतं आणि हळूहळूच येतं, डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर हे दोन्ही एकावेळी जमायलाच कित्येक दिवस जातात, सुरुवातीला भाता थांबला की सूर मरतो, सूर शोधायला गेलं की भाता थांबतो, आणि हे सगळं रोज दहा मिनिटं केल्याशिवाय सुटत नाही. त्याला शांतपणे सांगा की सूचना चांगली आहे, लेखी द्या, वरिष्ठांकडे पाठवू.

तोच मनुष्य गायक विष्णू दिगंबर पलुस्करांचं उदाहरण देईल. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे गावोगाव जाऊन शिकवतील अशी माणसं घडवायला उपदेशक वर्ग चालवला, वर्षानुवर्षं पोरांना हाताखाली ठेवून तयार केलं. त्यावर तुम्ही म्हणा, बरोबर आहे, पण त्यांच्याकडे प्रोजेक्टर नव्हता.

प्रशिक्षण संपलं, सर्टिफिकेट व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं, दीडशे अंगठे आले. आता शाळेचं बघू. शाळेत वाद्य पाहिजे हे ओघानेच आलं. संगीताला वेगळा माणूस मिळेल अशी आशा कुणी करत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट वाचायला द्या, कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक हा सहावी ते आठवीला आणि तोही पट शंभरच्या वर गेला तर. तुमच्या वाडीवरच्या शाळेचा पट एकोणीस, शिक्षक दोन, त्यातले एक कायम मीटिंगला. म्हणजे राहिलेला जो एक आहे त्याने चार इयत्ता एकत्र घेऊन, पोषण आहाराचा तांदूळ मोजून, ऑनलाईन हजेरी भरून मग केहरवा शिकवायचा आहे. करेल की! प्रशिक्षण झालंय त्याचं.

वाद्याचे पैसे समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानातून काढा. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. त्यातून खडू-डस्टर, लाईटबिल, गळकी टाकी, स्वच्छता, झेंड्याची दोरी, आणि जे उरेल त्यातून पेटी. बरी पेटी तेवढ्यात येत नाही हे मला माहितीय, पण तीन कोटेशन मागवली की सगळ्यात कमी दरवाली कुठूनतरी येतेच. तोच दुकानदार क्रिकेटच्या बॅटी, गॅसची शेगडी आणि पेटी एकाच बिलावर देतो. अशी एक पेटी मी जवळून बघितलीय. भाता दोनदा मारला की हवा कुठून तरी फुस्स करून जायची आणि मधल्या सप्तकातला एक सूर पट्टी सोडली तरी वाजतच राहायचा, थांबायचं नावच नाही, शेवटी तिथल्या बाईंनी त्या पट्टीखाली पुठ्ठ्याचा तुकडा खुपसला. मग तो सूर कायमचाच गप्प झाला. प्रार्थनेत त्या जागेवर आलं की मुलं तोंडाने भर घालायची. खरं सांगायचं तर अख्ख्या परिपाठात तेवढाच एक सूर बरोबर लागायचा.

वाद्य आलं की पहिलं काम, पांढऱ्या ऑईलपेंटने शाळेचं नाव आणि नंबर. दुसरं काम, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद. तिसरं, कपाट आणि कुलूप. चावी मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक म्हणजे तेच जे मीटिंगला असतात. मुलांच्या हाताला वाद्य लागता कामा नये, मोडलं तर वसुली कोणाकडून करायची हा प्रश्न शासनाने अजून सोडवलेला नाही. कपाटात उंदीर भात्याचं कातडं खातात ती गोष्ट वेगळी, उंदरांकडून वसुलीचा प्रश्नच येत नाही, सरळ निर्लेखन करता येतं, म्हणजे रजिस्टरातून नाव कमी.

एवढं करूनही एखाद्या उत्साही शिक्षकाने परिपाठाला पेटी काढलीच तर काय होतं ते सांगतो. त्याला यूट्यूबवरून पांढरी एकवरून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवरून, सा धरायला आलेलं असतं, कारण तिथून सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, काळ्याकडे बघायला पण लागत नाही. पट्ट्यांवर त्याने सा रे ग म च्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. पण प्रार्थना सुरू करतं कोण, तर चौथीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची पोरगी, आणि ती तिला आवडेल तिथून उचलते. एक दिवस तिने काळी एकवरून, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवरून, उचलली. आता सातातले पाच स्वर काळ्या पट्ट्यांवर गेले, चिठ्ठ्या सगळ्या पांढऱ्यांवर. गुरुजी तरी पांढरीवरच ठाम राहतात, कारण सर्टिफिकेट त्यांच्याकडे आहे. मुलं एकीकडे, पेटी दुसरीकडे, मधे ओसरीवरचं कुत्रं उठून निघून जातं. दुसऱ्या दिवशीपासून ब्लूटूथ स्पीकर येतो. स्पीकरची पट्टी बदलत नाही, त्याला केंद्रप्रमुखांची भीती वाटत नाही, राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत संपवतो आणि नंतर राज्यगीतही एका दमात म्हणतो. शिवाय मुलांना तोंड उघडायची गरज उरत नाही, सकाळी सकाळी घशाला तेवढाच आराम.

वर्गात मात्र लक्ष ठेवा. दर वर्गात एखादा असतो ज्याच्या घरी हलगी आहे, नाहीतर बाप बँजो पार्टीत आहे, नाहीतर आजोबा जागरण-गोंधळाला संबळ वाजवतात. गणिताचा तास चालू असताना त्याची बोटं बाकावर चालतात, आणि केहरवा असा निघतो की पुढच्या बाकावरच्यांच्या माना आपोआप हलतात. त्याला लगेच उभं करा आणि विचारा, "बाक काय तुझ्या बापाचा आहे का?" (गेल्या मार्चमध्ये आपण सगळ्यांनी बाकावरच तबला शिकलो होतो हे त्याला ठाऊक नसतं, सांगायची गरजही नाही.) लग्नसराईत तो चार दिवस गैरहजर राहिला तर अनियमित विद्यार्थी म्हणून त्याच्या घरी भेट द्या. तो त्या चार दिवसांत पाच वराती वाजवून आलेला असतो, पण त्याची कुठल्याच फॉर्ममध्ये नोंद करायला रकाना नाही. वार्षिक स्नेहसंमेलनाला मात्र त्याला पहिल्या रांगेत घ्या. लेझीम धरायला. ढोलकी पेनड्राईव्हमधून येणारच आहे.

राहता राहिला अहवाल. जिओ टॅग फोटो पाच, त्यातला एक दीपप्रज्वलनाचा, जेवणाचा एकही नको. दोन पानी वृत्तांत, 'शिक्षकांमध्ये नवचैतन्य' हा शब्द किमान एकदा. उपयोगिता प्रमाणपत्र तीन प्रतींत. आणि पंधरा दिवसांनी एक गूगल फॉर्म येईल, तो आजच सांगून ठेवतो कारण तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी प्रशिक्षणात असाल. त्यात विचारलेलं असतं, आपल्या शाळेतील किती विद्यार्थी एखादे वाद्य वाजवू शकतात? शून्य टाईप केलं तर फॉर्म पुढे जात नाही, लाल अक्षरात काहीतरी येतं. एक टाकलं तर जातो, पण मग त्या एकाचं नाव, वाद्य आणि व्हिडिओची लिंक मागतात. अख्खा पट टाका. कोणी काही विचारत नाही.